धरली म्हटल्याशिवाय

दंतवैद्याच्या दवाखान्यात, जिथे माणसं गालावर हात ठेवून आपला नंबर लागायची वाट बघतात, तिथल्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे. फोटोत एक तपकिरी घोडी आहे, अंगावर घामाचा फेस, कपाळावर पांढरा चौकोनी डाग. तिची दोरी दोन पुरुषांनी मिळून धरली आहे. एक स्वतः दंतवैद्य आणि दुसरा नळ, बेसिनं आणि कमोड विकणारा दुकानदार. दोघांच्या छात्या अशा फुगल्यात, की शर्यत घोडी धावली की हे दोघे, असं विचारावंसं वाटतं. फोटोच्या उजव्या कडेला एका बाईचं कोपर आलंय. कोपर तेवढं आत, बाकी बाई चौकटीच्या बाहेर. ते कोपर टेलरबाईंचं.

टेलरबाईंचं दुकान रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत. पाटीवर नुसतं 'टेलर' लिहिलेलं, पण कुणी पँट आखूड करून मागितली तर बाई त्याला सरळ शेजारच्या दुकानात पाठवत. त्यांच्याकडे शिवलं जाई ते फक्त घोड्यांचं आणि घोड्यांवर बसणाऱ्यांचं. जॉकींचे रेशमी सदरे, ज्यांचे रंग मालकागणिक वेगळे, घोड्यांच्या झुली, खोगिराखालच्या गाद्या, बिचकणाऱ्या घोड्यांच्या डोळ्यांवरची झापडं. मशिनं दोन, एक रेशमाचं आणि एक जाड कापडाचं. रेशमाच्या मशिनला दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याची धडगत नसे. दुकान मूळचं नवऱ्याचं. तो गेल्यावर हे आता बंदच होणार, असं सगळ्या नातेवाइकांनी बाईंना न विचारता ठरवून टाकलं होतं. बाईंनी एका सकाळी शटर वर केलं, पहिलं गिऱ्हाईक तोंड पाडून आत आलं त्याला विचारलं, "माप घेऊन आलात की नुसतंच सांत्वन?" आणि दुकान पुन्हा सुरू झालं.

स्वभावच तसा. एका बड्या मालकानं जॉकीचा सदरा जरा ढगळ शिवायला सांगितला, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "जॉकी पळवायचाय की पतंगासारखा उडवायचाय?" मालक तणतणत गेला आणि मोसम संपायच्या आत परत आला, कारण दुसरीकडचे सदरे वाऱ्यात फडफडत आणि जॉकी वैतागत. बाईंच्या हाताला तोड नव्हती. शिवून झालेल्या प्रत्येक वस्तूच्या आतल्या कोपऱ्यात त्या उलट्या टाक्यांचा एक छोटा चौकोन घालत. लोक कागदावर सही करतात, मी कोपऱ्यात करते, असं त्यांचं म्हणणं.

अशी बाई घोडीच्या भागीदारीत पडली ती दिरामुळे. कमोडवाला दुकानदार हा त्यांचा धाकटा दीर. दंतवैद्य हा दिराचा मित्र. रेसकोर्सवरच्या एका ट्रेनरची दाढ दंतवैद्यानं काढली, आणि तोंड बधिर असतानाच ट्रेनरनं त्याला सांगितलं की तबेल्यात एक लहानखुरी घोडी पडून आहे, मालकानं अंग काढून घेतलंय, कुणी घेत असेल तर बघा. बधिर तोंडाच्या माणसाचं ऐकून घोडी घेणारे हे दोन शहाणे! तिसरा वाटेकरी हवा म्हणून दीर दुकानात आला. "वहिनी, तुम्हाला घोड्यातलं कळतं," तो म्हणाला. बाईंना घोड्यातलं फक्त पाठीचं माप कळत होतं, आणि ते त्यांनी त्याला सांगितलंही. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे रंग शिवले होते. एकदा आपले स्वतःचे रंग मैदानावर धावताना बघायचे होते. साठवलेलं होतं ते काढून त्यांनी वाटा घेतला आणि रंग स्वतः निवडले: हळदी पिवळा आणि बाह्यांवर जांभळा.

नावावरून पहिलं भांडण झालं. दंतवैद्याला 'शुभ्रदंता' हवं होतं. देवाशपथ. दिराला 'विजयपताका' हवं होतं. बाई म्हणाल्या, "कपाळावर ठिगळ आहे तिच्या. ठिगळी म्हणा, तीही ओ देईल." दोघं हसले. कागदोपत्री विजयपताका झाली, पण तबेल्यात सगळ्यांनी तिला ठिगळीच म्हटलं आणि ती ठिगळी या नावालाच कान टवकारायची. बाई दिसल्या की त्यांच्या गळ्यातली माप घ्यायची फीत दातात धरून ओढायची. बाई दोन शिव्या हासडत आणि गाजर पुढे करत.

ठिगळीचं खाणंपिणं, खरारा, फिरवणं बघायला एक मोतद्दार होता. म्हातारा, एका कानानं बहिरा. त्याचा एकच कायदा होता, पण तो राजाला नि रंकाला सारखा लागू. घोडं एका हातातून दुसऱ्या हातात देताना, घेणारा मोठ्यानं 'धरली' म्हणेपर्यंत देणाऱ्यानं दोरी सोडायची नाही. नुसती मान हलवलेली चालणार नाही, हसलेलं चालणार नाही. पूर्वी कधीतरी त्याच्या डोळ्यांदेखत एक घोडं असं दोघांच्या मधून निसटलं होतं. याला वाटलं त्यानं धरली, त्याला वाटलं याच्याकडेच आहे. घोडं थेट मोठ्या रस्त्यावर गेलं आणि परत आलंच नाही.

"दोघांच्या मध्ये सुटलेलं घोडं कुणाचंच नसतं, बाई," मोतद्दार म्हणाला होता.

बाईंना हे फार पटलं. दिराला त्यात गंमत वाटली. त्यानं त्याचा खेळच करून टाकला. घरी जेवायला बसल्यावर बायकोनं ताट पुढे केलं की हा ओरडे, "धरली!" कुणी किल्ल्या दिल्या, "धरली!" चहाचा कप दिला, "धरली!" त्याची बायको, म्हणजे टेलरबाईंची धाकटी जाऊ, या धरलीधरलीला इतकी विटली होती, की एकदा तिनं ताट त्याच्या हाताऐवजी जमिनीवर ठेवलं.

पहिल्या शर्यतीत ठिगळी शेवटची आली. साधी शेवटची नाही. वळणावर लाउडस्पीकर वाजला, तो काय म्हणतोय हे ऐकायला ती थांबली. त्यानंतर दीर आठवडाभर रेसकोर्सच्या बाजूला फिरकला नाही, आणि दंतवैद्य भेटेल त्याला सांगू लागला, "माझा काय, नावापुरता वाटा आहे." दुसऱ्या शर्यतीतही तेच. मग खोकला झाला, मग खूर दुखावला, मग नाल बदलली तर ती टोचली. हरल्याच्या दिवशी ठिगळी एकट्या टेलरबाईंची असायची. दुकान बंद करून त्या तबेल्यात जायच्या, तिच्या मानेवर थाप मारायच्या आणि म्हणायच्या, "लाउडस्पीकर ऐकायला मैदानात कशाला जातेस ग? माझ्या दुकानात रेडिओ आहे." मग बाईंनी तिच्यासाठी कानांवर यायची जाड अस्तराची टोपी शिवली. आवाज कमी झाला, लक्ष पळण्यात लागलं. ट्रेनरनं ही कल्पना आपलीच म्हणून सगळ्यांना सांगितली. ते जाऊ द्या, या गोष्टीत रागवायला माणसं पुष्कळ आहेत.

आणि मग एके दिवशी ठिगळी जिंकली. कुणाच्या ध्यानीमनी नसताना, सगळ्यात बाहेरच्या बाजूनं, मान पुढे काढून, हळदी पिवळा सदरा असा सुसाट आला की टेलरबाईंच्या तोंडून शब्दच फुटेना. त्या हयातीत पहिल्यांदा गप्प झाल्या. जिंकलेल्या घोड्याची दोरी धरून मालकानं त्याला आत घेऊन यायचं, अशी तिथली रीत. मोतद्दार दोरी घेऊन टेलरबाईंनाच शोधत होता, कारण त्याला दुसरं कुणी मालक माहीतच नव्हतं. बाई पुढे झाल्या, हात लांब केला. तेवढ्यात कुठून दीर उगवला देव जाणे. "वहिनी, तुम्ही जरा बाजूला, ती अंगावर येईल," म्हणत त्यानं खांदा मध्ये घातला आणि जोरात ओरडला, "धरली!" दंतवैद्यानं दुसऱ्या बाजूनं हात घुसवला. फोटोवाल्यानं बटण दाबलं. बाईंच्या वाट्याला कोपर आलं.

बाईंना राग आला नाही असं नाही. पण त्यांनी तो गिळला. सदरा जिंकला होता ना, मग झालं, असं त्यांनी मनाला सांगितलं. तो फोटो मोठा करून दोघांनी आपापल्या भिंतीवर लावला. दंतवैद्याचे पेशंट, दिराची गिऱ्हाइकं, सगळ्यांना गोष्ट सांगून झाली. ठिगळी पुढच्या मोसमात आणखी एकदा जिंकली, तेव्हाही दोरीपाशी तीच झुंबड. जिंकल्या दिवशी घोडीला तीन मालक, हरल्या दिवशी एक. हा हिशेब बाईंनी बोलून दाखवला नाही, पण विसरल्याही नाहीत.

मग तिच्या पुढच्या पायाची शीर दुखावली. सकाळच्या दौडीत दोन पावलं लंगडली आणि थांबली. पाय सुजून जाड झाला, औषधं झाली, पट्टे झाले, विश्रांती झाली. शेवटी ट्रेनरनं सांगितलं की चालेल, फिरेल, आयुष्य काढेल, पण शर्यत संपली. आणि जी पळत नाही तिला तबेल्यात जागा नाही. तिथला नियमच तो.

तिघं दंतवैद्याच्या दवाखान्यात बसले, त्या फोटोखालीच. बाई म्हणाल्या, "भावजी, तुमच्या गोदामामागे एवढं मोठं आवार आहे. गवत उगवून वाया जातं. छप्पर टाकलं की झालं. खरारा, चालवणं, मी येऊन करीन."

"वहिनी, तिथे माल असतो," दीर म्हणाला. "तिची एक लाथ बसली की कमोडांचा चुरा होईल. घोडा म्हणजे काय मांजर आहे का, पडून राहील कोपऱ्यात?"

"भावनेच्या आहारी जायचं नाही," दंतवैद्य म्हणाला. दुसऱ्याच्या भावना असल्या की हे वाक्य फार सोपं जातं. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दिरानं सांगितलं की सगळी व्यवस्था झालेली आहे. एक भला माणूस आहे. शहराबाहेर रान आहे त्याचं, झाडं आहेत, ओढा आहे, म्हातारी घोडी तिथे मोकळी चरतात. अगदी आनंदानं न्यायला तयार आहे. बाईंनी विचारलं, पाहिलंत का तुम्ही रान? दीर म्हणाला, डॉक्टरांनी सगळं बघितलंय. दंतवैद्य म्हणाला, हो हो, तुमच्या दिरांनी चौकशी केलीय. उत्तर दोन तोंडांतून आलं म्हणून बाईंना ते पक्कं वाटलं. तिथेच चुकलं.

निरोपासाठी बाईंनी झूल शिवली. ठिगळीच्या जॉकीच्या सदऱ्यांचे उरलेले तुकडे जोडून, पिवळ्यावर जांभळ्या पट्ट्या, आत जाड अस्तर, कोपऱ्यात त्यांचा चौकोन. ट्रक आला. झूल घातलेली ठिगळी मोतद्दारानं बाहेर आणली. ट्रकवाल्यानं हात पुढे केला आणि मान हलवली. मोतद्दार दोरी सोडेना. "म्हणा," तो म्हणाला. ट्रकवाल्याला काय म्हणायचं ते कळेना. दीर घड्याळाकडे बघत होता. "अहो, सोडा हो, उशीर होतोय त्यांना!" ट्रकवाल्यानं दोरी हिसकून घेतली. फळी लागली, ट्रक गेला. मोतद्दार रिकामा हात तसाच पुढे धरून उभा होता.

"कुणी धरली म्हणालं नाही, बाई," तो म्हणाला.

त्यानंतर भेट झाली की बाई विचारत, ठिगळी कशी आहे? दीर म्हणे, मजेत! दंतवैद्य म्हणे, अंगानं भरलीय म्हणे चांगली. एकदा जाऊन बघू म्हटलं की रस्ता खराब असे, भला माणूस गावाला गेलेला असे, नाहीतर हवा बरी नसे. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज सरली होती आणि वैद्य टुणटुणीत होता.

एका दुपारी दुकानात एक माणूस आला. तलावाकाठी मुलांना घोड्यावर बसवून चक्कर मारून आणायचा त्याचा धंदा. घोड्यांचं शिवणारं दुकान शहरात हे एकच, तेव्हा तो दुसरीकडे जाणार तरी कुठे? त्यानं काखेतलं गाठोडं टेबलावर टाकलं. "एवढं सांधून द्या," तो म्हणाला. "मधोमध फाटलीय. नवी नको, जुनीच चालेल."

बाईंनी गाठोडं सोडलं. पिवळा रंग मळून मातीचा झाला होता, जांभळ्या पट्ट्या उसवून लोंबत होत्या. त्यांनी कोपरा उलटा केला. चौकोन होता. माणूस भलत्याच ठिकाणी आपली सही बघून जसा गार होतो, तशा त्या झाल्या. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"घोडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कुठली?"

"जिच्या पाठीवर ही होती ती! कपाळावर ठिगळ असलेली! कुठाय?"

तो माणूस घाबरला. त्यानं बापड्यानं काही चोरलं नव्हतं. गुरांच्या बाजारातल्या एका दलालाकडून त्यानं ती घेतली होती, दलालानं आणखी कुणाकडून. रान, ओढा, झाडं वगैरे त्यानं काही ऐकलं नव्हतं. "आणि खरं सांगू का बाई," तो म्हणाला, "फसलोच मी. उंच आहे, पोरं बसायला भितात. लंगडतेसुद्धा. येत्या बाजारात काढूनच टाकणार आहे."

"लंगडी घोडी बाजारात कोण घेतं?"

त्यानं गाठोड्याच्या फडक्याची घडी घातली. बाईंना उत्तर माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. बाईंनी झूल उचलली, शटर ओढलं आणि गळ्यातली फीतसुद्धा न काढता त्याच्याबरोबर निघाल्या.

तलावाच्या कठड्याला चार तट्टं बांधली होती आणि शेवटी एक उंच, बरगड्या दिसणारी घोडी, तीन पायांवर भार टाकून उभी. पुढचा पाय गुडघ्याखाली जाड झालेला. तोंडावर कसल्याशा झगमगीत प्लॅस्टिकच्या माळा. बाई जवळ गेल्या. ठिगळीनं मान खाली केली, हुंगलं, आणि गळ्यातली फीत दातात धरून ओढली. बाई भर रस्त्यात रडल्या, आणि रडता रडता त्या प्लॅस्टिकच्या माळा तोडून तलावात भिरकावल्या. तो सवारीवाला लांब उभा राहून बघत होता. माणूस वाईट नव्हता. बाईंनी त्याच्या चारही तट्टांची खोगिरं, गाद्या, झुली सगळं नव्यानं शिवून द्यायचं कबूल केलं, आणि त्या बदल्यात त्यानं घोडी बाईंना द्यायचं, बाजाराच्या आदल्या दिवशीपर्यंत सांभाळायचंसुद्धा. त्यापुढे त्याच्याकडेही जागा नव्हती.

बाई तिथून झूल काखेत मारून तडक दवाखान्यात गेल्या. बाहेर माणसं गाल धरून बसलेली. आत दंतवैद्य एकाच्या उघड्या तोंडात वाकलेला.

"डॉक्टर, ठिगळी कशी आहे?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"मजेत," दंतवैद्य वर न बघता म्हणाला. "परवाच निरोप आला. नुसती उंडारते म्हणे."

बाईंनी ती मळकी, फाटकी झूल उलगडली आणि खुर्चीतल्या पेशंटच्या अंगावर पांघरली. पेशंटला बोलता येत नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला. दंतवैद्याला बोलता येत होतं, तरी तो गप्प राहिला. मग सावरून म्हणाला, "हे बघा, एकदा दिल्यावर पुढचं आपल्या हातात नसतं."

"दिली कुणाला? नाव सांगा त्या भल्या माणसाचं."

"ते तुमच्या दिरांना माहीत. त्यांनीच रान बघितलं होतं."

बाईंनी तिथूनच दिराला फोन लावला. दीर म्हणाला, "मी? छे! डॉक्टरांनी बघितलं होतं ना? माझ्याकडे तर तो माणूस फक्त बाथटब बघायला आला होता. बोलता बोलता रानाचं निघालं. मी डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले उत्तम. मला वाटलं..."

तर असं होतं. ते रान कुणीच पाहिलं नव्हतं. याला वाटलं त्यानं पाहिलं, त्याला वाटलं यानं, आणि खरं तर दोघांनाही बघायचंच नव्हतं, कारण बघितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून दोघं निवांत झोपले होते. आणि वर भिंतीवर फोटो! बाईंचा संताप अनावर झाला. "दोरीला चार हात लागलेत तुमचे त्या फोटोत, चार! त्यातला एक हात तरी खरा होता का हो?" त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. दोन पेशंट दुखणं विसरून दाराशी आले. बाईंनी फोनवर दिराला गोदामामागच्या आवाराचं पुन्हा विचारलं. दीर म्हणाला, "वहिनी, समजून घ्या. कमोडं फुटतील." बाईंनी फोन ठेवला, पेशंटच्या अंगावरची झूल उचलली, त्याला "तुमचं चालू द्या" म्हणाल्या आणि घरी आल्या.

रात्री त्यांनी झूल धुतली. सकाळी सांधली. बाजाराच्या आदल्या दिवशी भर दुपारी त्या तलावावर गेल्या, ठिगळीच्या पाठीवर झूल घातली, सवारीवाल्यासमोर हात पुढे केला आणि स्वच्छ म्हणाल्या, "धरली." मग त्या निघाल्या. जागा कुठेही नव्हती. दुकान म्हणजे दोन मशिनं आणि एक माणूस मावेल एवढं. पण शहरातल्या बाजारपेठेच्या रस्त्यानं त्या चालू लागल्या, हळूहळू, तिच्या पायाला झेपेल तशा.

एवढी उंच घोडी, पिवळी जांभळी झूल, आणि पुढे गळ्यात फीत घातलेली बाई. दुकानांतून माणसं बाहेर आली. रिक्षावाले थांबले. फोन वर झाले. एकानं ओळखलं, "अरे, ही ती विजयपताका ना? दातांच्या डॉक्टरकडे फोटो आहे बघ." बातमी बाईंच्या पुढे पळाली. वरच्या मजल्यावरच्या दवाखान्याची खिडकी उघडली, दंतवैद्याचं डोकं दिसलं, आणि खिडकी लागली. कडीचा आवाज खालपर्यंत आला.

बाई दिराच्या दुकानासमोर थांबल्या. शोकेसमध्ये पांढरीशुभ्र कमोडं ओळीनं मांडलेली, आणि त्यांच्या वर तोच फोटो. दीर घाईघाईनं बाहेर आला. चेहरा पडलेला होता, पण समोर गर्दी बघितली, वर झालेले फोन बघितले, आणि चेहरा हळूहळू बदलत गेला.

"साहेब, ही तुमचीच ना?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

दिरानं मागे वळून पाहिलं. मागच्या फोटोत तोच उभा होता, नाही म्हणणार कसा? "म्हणजे काय! आमचीच," तो म्हणाला. "आमचीच विजयपताका!" तो पुढे झाला, ठिगळीच्या मानेवर हात फिरवला. कुणीतरी ओरडलं, इकडे बघा, इकडे! त्याचा हात आपोआप दोरीवर गेला. बाईंनी दोरी घट्ट धरून ठेवली होती. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. आणि हातात ताट, कप, किल्ल्या आल्या की ज्याच्या तोंडी वर्षानुवर्षं तोच एक शब्द येत होता, त्याच्या तोंडून फोनकडे बघून हसता हसता तो निघून गेला.

"धरली!"

बाईंनी दोरी सोडली.

फोटो निघाले. टाळ्या वाजल्या. "घ्या आता वहिनी," दीर दोरी पुढे करत हळूच म्हणाला. टेलरबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन बांधले. दिरानं दोरी दुकानातल्या कामगारापुढे धरली. कामगार म्हणाला, "मला भीती वाटते साहेब." गर्दीत एकापुढे केली, त्यानं फोन खिशात घातला आणि मागे सरला. धरली म्हणायला कुणी तयार नव्हतं. ठिगळीनं मान हलवली आणि दिराच्या सदऱ्याला फेस लागला. तो घामाघूम होऊन बायकोकडे वळला. जाऊ गल्ल्यावर बसून हे सगळं बघत होती. ती उठली, खिळ्यावरच्या किल्ल्या घेतल्या आणि बाहेर आली.

"माझ्याकडे देऊ नका, मला गेट उघडायचंय," ती म्हणाली. "ताई, छप्पर कुठल्या बाजूला टाकायचं ते दाखवा चला."

"अगं, पण माल आहे तिथे!"

"माल उचलून ठेवता येतो," जाऊ म्हणाली, आणि गोदामाच्या बोळात शिरली.

आता ठिगळी त्या आवारात असते. टवका उडालेला, विकला न गेलेला एक बाथटब आहे, त्यातून ती पाणी पिते. कमोडं अजून एकही फुटलेलं नाही. दंतवैद्यानं भिंतीवरचा फोटो काढला नाही. तेवढी लाज असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. फक्त कुणी त्याला घोडीबद्दल विचारलं तर तो पेशंटला तोंड उघडायला सांगतो.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी टेलरबाई येतात. खरारा करतात, खूर साफ करतात, सुजलेल्या पायाला हात लावून बघतात आणि तिला आवारात दोन फेऱ्या चालवतात. मग दुकानाची वेळ होते. गोठ्यात नेऊन तिला वैरण घालणं हे दिराचं काम. जाऊनं वाटून दिलंय. तो डोळे चोळत, कुरकुरत येतो आणि झोपेतच हात पुढे करतो. बाई दोरी पुढे करतात आणि सोडत नाहीत. दीर इकडे तिकडे बघतो. फोटो काढायला कुणी नसतं, टाळ्या वाजवायला कुणी नसतं. ठिगळी कंटाळून बाईंची फीत ओढत असते.

"म्हणा, भावजी," बाई म्हणतात.

"धरली," दीर म्हणतो.

मग बाई दुकानाकडे जातात.